वापरलेली बोट आणि अडीच हजार फेऱ्यांवर अडलेले आउटबोर्ड इंजिन : निदान कोणत्या क्रमाने करावे?

वल्हेकरी (धागाकर्ता)

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मी फायबरग्लासची १६ फुटी वापरलेली बोट घेतली. तिच्या मागच्या फळीवर ४० अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे, दोन-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर आहे, इग्निशन सीडीआय पद्धतीचे (कपॅसिटरमधून ठिणगी देणारे) आहे आणि पेट्रोलमध्ये तेल हाताने मिसळावे लागते. ते मी पुस्तिकेप्रमाणे ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, या प्रमाणात मिसळतो. पेट्रोलची टाकी बोटीच्या तळफळ्यांखाली कायमची बसवलेली आहे.

थंड इंजिन चोक दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होते. मंद चालीवर मात्र ते अडखळत चालते आणि गिअर टाकताच अनेकदा बंद पडते. थ्रॉटल पूर्ण उघडला की पहिले मिनिटभर ते कसेबसे ३००० फेऱ्यांपर्यंत जाते, मग खाली येऊन २६०० च्या आसपास अडकते. बोटीचे नाक वर आणि मागचा भाग पाण्यात रुतलेला, अशीच ती चालत राहते. पाण्यावर उचलली जाऊन धावू लागतच नाही. दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केले की तेच एक मिनिट बरे जाते. पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ५००० ते ५५०० फेरे दिले आहेत, म्हणजे मी निम्म्यावर आहे.

विकणाऱ्याने ‘कार्बोरेटर थोडा ट्यून केला की झाले’ असे सांगितले होते. मी आतापर्यंत नवे प्लग बसवले आणि ताजे पेट्रोल भरले. काहीही फरक पडला नाही. इंजिन तापल्यावर त्रास वाढतो, त्याअर्थी सीडीआयचा डबा बाद झाला असावा, असे एका परिचिताचे मत आहे. तो भाग मागवण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

सुकाणू

धागाकर्ते, आपण लक्षणे व्यवस्थित लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. माझी पहिली विनंती अशी की सध्या कोणताही भाग मागवू नका. इंजिनाला चालण्यासाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरात तयार होणारा दाब), ठिणगी आणि इंधन या तीन गोष्टी लागतात, आणि बोटीच्या बाबतीत चौथी गोष्ट म्हणजे त्याच्यावर पडणारा भार. या चारपैकी नेमके काय कमी पडते आहे हे मोजून ठरवता येते, आणि मोजायला लागणारी साधने बहुतेक गॅरेजांत असतात.

बोट वापरलेली असल्याने मी कॉम्प्रेशनपासून सुरुवात करीन. पिस्टनला चरे पडले असतील किंवा रिंगा चिकटल्या असतील, तर कार्बोरेटर कितीही स्वच्छ केला आणि डबे कितीही बदलले तरी त्या इंजिनात जोर येणार नाही, आणि हे पहिल्याच दिवशी कळलेले बरे. दोन्ही प्लग काढा. प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला नीट टेकवून ठेवा, कारण ठिणगीला वाट मिळाली नाही तर सीडीआयचे आणि कॉइलचे नुकसान होऊ शकते. शिवाय उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना मोकळी ठिणगी उडणे धोक्याचे आहे. किल-स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून स्टार्टरने इंजिन इतके फिरवा की काटा वर चढायचा थांबेल. दोन्ही सिलिंडरांना सारखेच फेरे द्या. अशा इंजिनात दर चौरस इंचाला साधारण १०० पौंडांच्या वरचा आकडा समाधानकारक समजतात, पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक अधिक महत्त्वाचा आहे. तो दहा टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा. त्याहून बराच अधिक असेल तर पुढे जाऊ नका, आधी इथे लिहा.

त्यानंतर ठिणगी तपासा. प्लग नुसता धातूला टेकवून ‘ठिणगी दिसते’ म्हणणे पुरेसे नाही, कारण मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते आणि सिलिंडरच्या दाबाखाली तीच दगा देते. ठिणगी तपासण्याच्या साधनावर सुमारे ११ मिलिमीटर अंतर ठेवून ती निळी, ठसठशीत आणि न चुकता उडते का, हे पाहा.

जुन्या प्लगांचे टोक कसे होते? फेकले नसतील तर रंग सांगा.

ओहोटी

टाकीच्या हवेची नळी उघडी आहे ना? ती बंद असली की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि थोड्याच वेळात इंजिनाची उपासमार सुरू होते. बोटीच्या बाजूला बसवलेल्या तोंडात कीटक घरटी करतात. फुंकून पाहा. तसेच पेट्रोलच्या नळीवरच्या रबरी फुग्यावरील बाण इंजिनाकडे आहे ना, तेही पाहा.

दीपस्तंभ

सुकाणू यांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. त्यात एका चाचणीची भर घालतो. तिला काहीही खर्च नाही, आणि ‘डबा की पेट्रोल’ हा आपला प्रश्न ती पाच मिनिटांत सोडवते.

बरोबर एक माणूस घ्या. मोकळ्या, शांत पाण्यात जा, दोघेही लाइफ जॅकेट घाला आणि किल-स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असू द्या. आपण सुकाणू धरा, थ्रॉटल उघडा आणि इंजिन खाली येऊन २६०० वर अडकेपर्यंत थांबा. आता सोबत्याने पेट्रोलच्या नळीवरचा फुगा हाताने दाबत राहावे, आणि दाबण्यापूर्वी फुग्याचा आकार कसा आहे हे आवर्जून पाहावे.

फुगा दाबताच इंजिन जोर धरू लागले, तर त्याला पेट्रोल कमी पडत होते हे सिद्ध होते. त्यातही फुगा आधीच आत ओढला जाऊन चपटा झालेला असेल, तर इंजिनावरचा पंप आपले काम करतो आहे, पण टाकी आणि फुगा यांच्या दरम्यान कुठेतरी वाट अडली आहे. फुगा मूळ आकारात असेल आणि तरीही दाबल्यावर इंजिन सुधारत असेल, तर पंपाचा पडदा फाटला आहे किंवा जोडांमधून हवा आत शिरते आहे, असा संशय घ्यावा. या इंजिनांतला पेट्रोलपंप क्रँककेसमध्ये पिस्टनच्या हालचालीने आलटून पालटून तयार होणाऱ्या दाबावर आणि ओढीवर चालतो. त्यातला पातळ पडदा जुना झाला की मंद चालीपुरते पेट्रोल देतो आणि पूर्ण थ्रॉटलला कमी पडतो. फुगा दाबूनही काहीच फरक पडला नाही, तर अडथळा कार्बोरेटरच्या आत आहे किंवा दोष इंधनाचा नाहीच.

दहा मिनिटे थांबल्यावर इंजिन सुधारते, यावरून आपल्या परिचितांनी डबा तापतो असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, तापल्यावर दगा देणारे डबे आणि कॉइल मी पाहिले आहेत. पण त्याच लक्षणाचे दुसरे स्पष्टीकरणही तितकेच बळकट आहे. इंजिन बंद असताना अडलेल्या वाटेतूनही पेट्रोल हळूहळू झिरपून पुढे जाते, नळी आणि पंप पुन्हा भरतात, आणि तेवढ्या साठ्यावर इंजिन मिनिटभर बरे चालते. दोन्ही संशयांत लक्षण एकच असल्यामुळे लक्षणावरून निकाल देता येत नाही. फुगा दाबून मात्र देता येतो, कारण तापलेला डबा पेट्रोल ढकलल्याने बरा होत नाही.

वल्हेकरी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवारी सगळ्या चाचण्या केल्या.

कॉम्प्रेशन वरच्या सिलिंडरला ११४ आणि खालच्या सिलिंडरला १०९ पौंड आले. आकडा पाहून फार मोठा दिलासा मिळाला. ठिणगी ११ मिलिमीटर अंतरावर दोन्हीकडे निळी आणि नियमित आहे. हवेची नळी मोकळी आहे, बाण इंजिनाकडेच आहे.

फुग्याची चाचणी भावाला बरोबर घेऊन केली. इंजिन २६०० वर आले तेव्हा फुगा चिमटीत धरल्यासारखा चपटा झाला होता. भावाने दाबायला सुरुवात करताच फेरे वाढत ३८०० पर्यंत गेले, पण त्यापुढे गेले नाहीत. कितीही दाबले तरी इंजिन तिथेच राहिले. दाबणे थांबवल्यावर अर्ध्या मिनिटात पुन्हा खाली आले.

जुने प्लग मी जपून ठेवले होते. वरच्या सिलिंडरचा तपकिरी-काळा आणि थोडा तेलकट आहे. खालच्या सिलिंडरचा जवळजवळ पांढरा आहे. सुरुवातीला मला वाटले की पांढरा म्हणजे स्वच्छ, म्हणजे तो सिलिंडर चांगला असावा.

दीपस्तंभ

कृपया यापुढे हे इंजिन पूर्ण थ्रॉटलला चालवू नका. ही सूचना मी वेगळ्या प्रतिसादात मुद्दाम देत आहे.

पांढरा प्लग म्हणजे त्या सिलिंडरात हवेच्या मानाने पेट्रोल कमी जाते आहे आणि तो प्रमाणाबाहेर तापतो आहे. चार-स्ट्रोक इंजिनात तेलाची व्यवस्था वेगळी असते, इथे मात्र पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग यांना मिळणारे सगळे तेल पेट्रोलमधूनच जाते. पेट्रोल अडले की तेलही अडते. म्हणजे जो सिलिंडर अधिक तापतो आहे, त्यालाच वंगण कमी मिळते आहे. अशा स्थितीत जोर लावून पाहण्याच्या नादात पिस्टनला भोक पडते किंवा तो सिलिंडरात अडकतो, आणि १०९ पौंडांचे चांगले सिलिंडर आपण चाचणी करता करता गमावून बसतो. आपले इंजिन अजून निरोगी आहे. ते तसेच ठेवा.

सुकाणू

दीपस्तंभ यांच्याशी पूर्ण सहमत. आकड्यांवरून मला दोन वेगवेगळे दोष दिसतात. फुगा चपटा होतो, त्याअर्थी टाकीच्या बाजूला अडथळा आहे. पण फुग्याने पेट्रोल ढकलूनही इंजिन ३८०० वरच थांबते आणि एकच प्लग पांढरा आहे, हे टाकीच्या अडथळ्याने स्पष्ट होत नाही. टाकीकडून पेट्रोल कमी आले तर दोन्ही सिलिंडरांना कमी मिळेल. खालच्या कार्बोरेटरात स्वतंत्र अडचण असली पाहिजे.

दोन दोष एकत्र असले की माणूस हमखास फसतो. एक दुरुस्त केला की थोडाच फरक पडतो, मग ‘हा दोष नव्हताच’ असे समजून आपण भलतीकडे वळतो. म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर फेऱ्यांचा आकडा लिहून ठेवा.

पहिली पायरी म्हणून हातात उचलून नेता येणारी वेगळी टाकी घ्या, तिला तिची स्वतःची नळी आणि फुगा असू द्या, ताजे मिश्रण भरा आणि थेट इंजिनाला जोडा. मध्यम थ्रॉटलच्या पुढे जाऊ नका. फुगा आकार टिकवून धरतो का आणि इंजिन घसरायचे थांबते का, एवढेच पाहायचे आहे.

नांगर

टाकीच्या तोंडावर नळी जिथे जोडली जाते तिथे अनेक बोटींत एक अँटी-सायफन झडप असते. तिच्यातली गोळी किंवा स्प्रिंग गंजून अर्धवट अडकली की हुबेहूब हेच लक्षण दिसते. माझ्या बोटीवर ती झडप काढून साधा जोड बसवल्यावर त्रास कायमचा गेला. आपणही तेच करावे.

दीपस्तंभ

नांगर, झडप तपासण्याचा सल्ला योग्य आहे, पण ती कायमची काढून टाकण्याला माझा ठाम विरोध आहे. नळी कुठे तुटली किंवा सुटली, तर सायफनने टाकीतले पेट्रोल आपोआप बोटीच्या तळात वाहून येऊ नये, यासाठीच ती झडप असते. बोटीच्या तळात साचलेली पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तिथेच बसून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. झडप अडकली असेल तर साफ करा किंवा नवी बसवा. आपणही आपल्या बोटीवर ती पुन्हा लावून घ्यावी अशी कळकळीची विनंती आहे.

नांगर

मुद्दा पटला. माझा हेतू चांगला होता, पण हा विचार मी केला नव्हता. या आठवड्यात नवी झडप लावतो.

वल्हेकरी (धागाकर्ता)

वेगळी टाकी जोडून पाहिली. मध्यम थ्रॉटलवर दहा मिनिटे चालवले, फुगा एकदाही चपटा झाला नाही आणि इंजिन घसरले नाही. मंद चालीवरची अडखळ मात्र जशीच्या तशी राहिली. म्हणजे सुकाणू म्हणतात तसे दोन दोष आहेत.

त्यानंतर कायमच्या टाकीकडची बाजू उघडली. आधी झडप काढली. तिची गोळी बोटाने ढकलली की सहज मागे जाते आणि सोडली की परत येते. टाकीतल्या ओढनळीची जाळीही स्वच्छ निघाली. मग टाकी ते फुगा ही सुमारे तीन मीटरची नळी उरली. ती बाहेरून अगदी चांगली दिसत होती, कुठे चीर नाही, दुमड नाही. फुंकून पाहिले तर हवा आरपार जात होती, त्यामुळे ती परत बसवणारच होतो. पण भावाने सुचवले की इंजिन नळीत फुंकत नाही, ओढते, तेव्हा ओढून पाहू. पेट्रोलची नळी तोंडाने ओढणे बरे नव्हे म्हणून हातपंप लावला. पहिल्या दोन ओढींना हवा आली आणि तिसऱ्या ओढीला नळी जणू बुच मारल्यासारखी बंद झाली.

सुरीने उभी चिरल्यावर कारण दिसले. आतले अस्तर जवळजवळ वीतभर लांबीत मूळ रबरापासून सुटून आले होते. ओढ वाढली की ते आत दुमडून वाट बंद करायचे, आणि ओढ थांबली की पुन्हा भिंतीला चिकटायचे. नवी नळी, नवा फुगा आणि नवे चिमटे बसवले. आता कायमच्या टाकीवरही फुगा आपला आकार धरून राहतो.

सुकाणू

फार चांगले शोधकाम केले आपण. आपल्या भावाचे विशेष अभिनंदन, कारण ओढीच्या दिशेने तपासण्याची गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या प्रकारच्या नळ्यांची अस्तरे अशी सुटतात, म्हणून नवी नळी इथेनॉल सहन करणारी आणि बोटीसाठीच बनवलेली आहे ना, हे तिच्यावरच्या छापावरून पाहून घ्या.

याच संदर्भात टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल पारदर्शक बरणीत काढून तासभर स्थिर ठेवा. इथेनॉल पाणी शोषून घेते, पण त्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल यांचा एकत्र थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि टाकीतली ओढनळी नेमकी तळाजवळून पेट्रोल घेते. आपण मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते, त्यामुळे खालचा थर इंजिनात गेला तर तो बिनतेलाचा जातो. बरणीत दोन थर दिसले, तर संपूर्ण टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.

आता खालचा सिलिंडर. किनाऱ्याला बोट घट्ट बांधून, इंजिन पाण्यात ठेवून, मंद चालीवर एक-एक सिलिंडर वगळून पाहा. इंजिन बंद करून एका प्लगची टोपी काढा, ती वायर ठिणगीच्या साधनाला जोडून धातूला टेकवा आणि मग सुरू करा. चालणारा सिलिंडर वगळला की इंजिन लगेच मान टाकते. न चालणारा वगळला तर फारसा फरक पडत नाही. खालचा सिलिंडर वगळून फरक पडला नाही, तर दोन्ही प्लग जोडून, इंजिन चालू असताना, खालच्या कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल-तेलाच्या मिश्रणाचा बारीक फवारा द्या. केस, सैल कपडे आणि हात फ्लायव्हीलपासून दूर ठेवा, आणि जवळ आग विझवण्याचे साधन हवेच. फवाऱ्याने इंजिन सावरले की कार्बोरेटर खोलायचा, हे नक्की.

ओहोटी

कार्बोरेटर खोलताना मंद चालीचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा. जोराने आवळला तर त्याचे निमुळते टोक खराब होते. जेटच्या (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक नळीच्या) छिद्रात तार घालू नका, छिद्र मोठे झाले की त्या जेटचे माप कायमचे बिघडते. द्रावणात भिजवा आणि हवेच्या दाबाने साफ करा.

वल्हेकरी (धागाकर्ता)

खालचा सिलिंडर वगळला तेव्हा इंजिनाच्या आवाजात जेमतेम फरक पडला. वरचा वगळताच ते बंद पडले. फवारा दिल्यावर काही क्षण इतके सुरेख चालले की या इंजिनाचा खरा आवाज असा आहे, हे मला दोन महिन्यांत प्रथमच कळले.

दोन्ही कार्बोरेटर खोलले. वरच्यात किरकोळ घाण होती. खालच्या कार्बोरेटरच्या वाटीत तळाला पांढरट भुकटीसारखा गंज आणि हिरवट, चिकट थर साचला होता. मंद चालीचा जेट पूर्ण बुजलेला होता आणि मुख्य जेटमधून उजेड दिसत होता, पण वर्तुळ पूर्ण नव्हते, चंद्रकोरीसारखे होते. द्रावणात रात्रभर भिजवून, हवेने साफ करून, नवे गॅस्केट आणि नव्या फ्लोट-सुया घातल्या. फ्लोटची उंची पुस्तिकेप्रमाणे लावली. पेट्रोलपंपाचा पडदा हातासरशी बदलला, कारण जुना ताठ झाला होता. बरणीत पाण्याचा थर दिसला, फार नाही, पण दिसला, म्हणून टाकी रिकामी करून पुसून घेतली.

आता मंद चालीवर इंजिन स्थिर चालते आणि गिअर टाकल्यावर बंद पडत नाही. पूर्ण थ्रॉटलला थोडा वेळच जाऊन पाहिले: ४५०० फेरे. बोट पाण्यावर उचलली जाते, पण बराच वेळ घेते. ५००० अजूनही लांब आहेत. आता पुन्हा इग्निशनकडे वळावे का?

सुकाणू

अजून नाही. ‘आता अडखळते का?’ हा प्रश्न आधी विचारू. इंजिन एकसारखे, न अडखळता चालत असेल आणि तरी फेरे कमी पडत असतील, तर मला भाराचा संशय येतो.

चार गोष्टी पाहा. इंजिन बंद ठेवून, सोबत्याला लिव्हर पूर्ण पुढे ढकलायला सांगा आणि दोन्ही कार्बोरेटरांच्या पाकळ्या (थ्रॉटलबरोबर उघडणाऱ्या हवेच्या झडपा) पूर्ण आडव्या होतात का, तसेच त्या एकाच क्षणी उघडायला लागतात का, हे डोळ्यांनी पाहा. कार्बोरेटर काढून बसवल्यावर हा मेळ बिघडणे अगदी स्वाभाविक आहे. पाण्यातल्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मधल्या तुंब्यावर आणि बाहेरच्या नळीवर मिळून एक सरळ रेघ मारा आणि फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर आतला रबर घसरतो आहे. मात्र रबर घसरत असेल तर फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही, आपले उलटे आहे, म्हणून मला ते कारण वाटत नाही. पंख्यावर कोरलेला पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः किती इंच पुढे सरकेल तो आकडा, वाचा. आणि शेवटी, आपल्या टॅकोमीटरवर (फेरे दाखवणाऱ्या मीटरवर) भरवसा ठेवता येतो का, तेही तपासा.

दीपस्तंभ

टॅकोमीटरचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि वापरलेल्या बोटीत तो हमखास दुर्लक्षित राहतो. आउटबोर्डचा टॅकोमीटर बहुधा चार्जिंगच्या कॉइलमधून येणारे स्पंद मोजतो, आणि एका फेऱ्यात किती स्पंद यायचे हे त्या इंजिनाच्या ध्रुवांच्या संख्येवर ठरते. मीटरच्या पाठीमागे त्यासाठी एक निवडक असतो. आधीच्या मालकाने दुसऱ्या इंजिनाचा मीटर लावून निवडक तसाच ठेवला असेल, तर दाखवलेला प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात चुकीचा असेल. फ्लायव्हीलवर परावर्तक पट्टी चिकटवून, हातात धरायच्या प्रकाशावर चालणाऱ्या टॅकोमीटरने मंद चालीवर एकदा पडताळा घ्या.

पंख्याबद्दल एक ढोबळ हिशेब सांगतो. पिच एक इंचाने कमी केला की पूर्ण थ्रॉटलचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. मोठ्या पिचचा पंखा लावला की बोट अधिक वेगाने पळेल असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात इंजिनाला तो फिरवणे जड जाते, ते आपल्या योग्य फेऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि सतत दबून चालल्याने तापते. चढावर सायकल वरच्या गिअरमध्ये मारल्यासारखे ते होते.

बोटीच्या वजनाचाही विचार करा. जुन्या बोटींत तळफळ्यांखालचा तरंगण्यासाठी भरलेला फोम वर्षानुवर्षे पाणी पितो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा शंभर लिटर पाणी मुरलेली बोट कायम दीड माणूस जास्त घेऊन फिरते, आणि तो माणूस दिसत नाही.

वल्हेकरी (धागाकर्ता)

मीटर बरोबर निघाला. हातातल्या मीटरशी ताडून पाहता मंद चालीवर फक्त ३० फेऱ्यांचा फरक आहे. पाकळ्यांचा मेळ मात्र खरोखरच बिघडला होता. खालची पाकळी वरचीपेक्षा किंचित उशिरा उघडत होती आणि केबल सैल असल्याने दोन्ही पूर्ण आडव्या होत नव्हत्या. ते पुस्तिकेप्रमाणे जुळवल्यावर फेरे ४६५० झाले. रेघ जागची हलली नाही.

पंख्यावर १५ पिच कोरलेला आहे. पुस्तिकेत या वजनाच्या बोटीसाठी १३ सुचवला आहे. एका मित्राकडे त्याच तुंब्याचा १३ पिचचा पंखा होता, तो मागून आणला. दोन माणसे आणि अर्धी टाकी घेऊन ५०५० फेरे मिळाले, आणि बोट थ्रॉटल उघडल्यावर मोजून सहा-सात सेकंदांत पाण्यावर उचलली गेली. भाऊ पुढे बसला होता, तो मागे वळून माझ्याकडे पाहत राहिला.

अर्धा तास चालवून प्लग काढले. दोन्ही फिक्या तपकिरी रंगाचे आहेत, आणि रंगात फरक करता येत नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार पूर्वीसारखीच जोरदार आहे. कॉम्प्रेशन पुन्हा मोजले: ११५ आणि १११.

सीडीआयचा डबा मूळचाच आहे.

सुकाणू

आकडे वाचून फार आनंद झाला. इंपेलर (थंड करणारे पाणी ओढणारा रबरी पात्यांचा पंखा) कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता आले नव्हते, असे गृहीत धरून तो हंगामापूर्वी बदलून टाका. धार जोरदार असली तरी रबराच्या पात्यांचे वय बाहेरून कळत नाही. इंजिन पाण्याबाहेर काही सेकंदही कोरडे चालवू नका, ती पाती तेवढ्यातच जळतात. टाकीत पाणी सापडले होते, तेव्हा टाकी आणि फुगा यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा, जोड शक्य तितके कमी ठेवा. आणि गिअरचे तेल पाहिले का? दुधाळ असेल तर खालच्या पेटीत पाणी शिरते आहे.

वल्हेकरी (धागाकर्ता)

इंपेलरचा संच आणि १० मायक्रॉनचा पाणी वेगळे करणारा फिल्टर दोन्ही मागवले आहेत. गिअरचे तेल पाहायचे मात्र राहूनच गेले. रविवारी बोट ट्रेलरवर घेऊन, इंजिन सरळ उभे ठेवून, खालचा स्क्रू काढतो. आधी पाणी बाहेर येते की तेल, आणि चुंबकावर काही चिकटते का, ते इथेच लिहीन. तळफळ्यांखालच्या फोमचे पाणीही त्याच वेळी पाहायचे आहे, कारण मागचे बूच काढून नाक उंच ठेवले की बोटीतून संध्याकाळपर्यंत थेंब पडत राहतात, हे माझ्या आता लक्षात येऊ लागले आहे.